पिवळ्या शुक्रवारचा फोटो

१

"तेरा आहे, पंधरा आहे. चौदा नाही."

मादाम अराक्सीने स्लाइडचा लाकडी डबा माझ्याकडे सरकवला. तिच्या उजव्या डोळ्यावर अजून मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी होती, म्हणून खाचा मी स्वतः मोजल्या. तिच्या वडिलांनी, म्हणजे अर्शाक फोटोवाल्याने, हिरव्या शाईने घातलेले नंबर अजून नीट वाचता येत होते. बाकी खाचांत धूळ होती. चौदाची खाच स्वच्छ होती.

"सांडली असेल कुठे," मी उगाच म्हणालो.

"वगीह, पन्नास वर्षांत ह्या डब्यातून एक स्लाइड सांडली नाही. आणि आता सांडायला नेमकी हीच सापडली?"

 चौदा नंबर म्हणजे आमच्या कैरोतल्या दर्ब अल-फुस्तुक गल्लीचा छप्पन सालचा रंगीत फोटो. गल्लीचा तेव्हाचा दुसरा रंगीत फोटो जगात नाही. आणि ह्या फोटोवरून येत्या रविवारी एका बाईचं घर जाणार होतं.

जुन्या इमारतींच्या समितीचा इंजिनिअर लुतफी दारातच उभा होता. बूट काढायचे नव्हते म्हणून आत आला नव्हता.

"मादाम, तुम्ही आठ दिवस हॉस्पिटलात होतात. घराची किल्ली कुणाकडे होती?"

अराक्सीने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. सांगू की नको, असं ते पाहणं होतं.

"बहीजाकडे," ती शेवटी म्हणाली. "झाडांना पाणी घालायला."

"मग झालं तर," लुतफी म्हणाला. "जिचं घर जायचंय तिच्याकडेच किल्ली. मूळ स्लाइड राहिली असती तर तिची उरलीसुरली आशाही गेली असती. तिने ती मोडून नाल्यात टाकली असणार."

मी चहाचा कप खाली ठेवला. कारण त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं.

२

मी अडतीस वर्षं सर्वेक्षण खात्यात नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर माणसाने गप्प घरी बसावं, पण गल्लीत कुणाची भिंत सरकली की पहिली हाक मला. ह्या वेळची हाक बहीजाची होती.

बहीजा गाद्या-रजया शिवते. अर्ध्या मोहल्ल्याच्या नवऱ्या तिने शिवलेल्या रजईत संसाराला लागल्या. वय पंचावन्न, नवरा गेलेला, जीभ सुईपेक्षा धारदार. ज्या घरात जन्मली त्याच घरात राहते. त्या घरावर समितीने नोटीस चिकटवली होती: ही जुनी धर्मादाय पाणपोई आहे, जतन करायची आहे, घर रिकामं करा.

"पाणपोई?" ती मला म्हणाली होती. "उस्ताद, माझ्या घरात नळाला पाणी येत नाही आणि म्हणे पाणपोई. फोडा म्हणावं भिंत आत्ता, बघा काय निघतं."

"भिंत ताबा घेतल्यावर फोडतात, आधी नाही," मी सांगितलं.

"हो का. आधी फाशी, मग चौकशी."

प्रकरण असं होतं. आमची गल्ली उत्तर-दक्षिण जाते. उत्तर टोकाला जुनी कमान, दक्षिण टोकाला पूर्वी हमाम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर होतं, आता तिथे मोटारी उभ्या राहतात. मधोमध, पूर्वेच्या अंगाला, सिदी मर्जानची मशीद. मशिदीच्या कमानीकडच्या बाजूला बहीजाचं घर, आणि हमामाकडच्या बाजूला अत्तरवाल्या हाजी मुतवल्लीचं बंद गोदाम. दानपत्रात एवढंच लिहिलंय, 'मशिदीला लागून पाणपोई.' लागून तर दोन्ही आहेत. पाणपोई सत्तावन्न साली विटांनी बुजवली आणि ब्याण्णवच्या भूकंपानंतर दोन्ही घरांना सिमेंटचं सपाट तोंड आलं. कुठलं घर काय होतं ते सांगणारी म्हातारी माणसं कबरीत गेली. बहीजा तेव्हा जन्मली नव्हती, अराक्सी पाळण्यात होती, आणि मी ह्या गल्लीत आलो तोच साठ साली. उरला अर्शाकचा फोटो.

फोटोची मोठी प्रत लुतफीने मला दिली होती, मोठे उपकार केल्याच्या चेहऱ्याने. शुक्रवारची दुपार. नमाजाला आलेली माणसं मशिदीत मावली नाहीत म्हणून रस्त्यात चटया अंथरून ओळीने उभी. कुठल्याशा छपरावरून, वरून खाली बघत काढलेला फोटो. त्या दिवशी खमासीनचा वारा सुटला असणार, कारण सगळी हवा धुळीने पिवळी झाली होती. सावली कुठेच नाही, रस्त्याचं पलीकडचं टोक धुळीत गडप. पण अलीकडचं सगळं स्पष्ट होतं: माणसांच्या मिशा, निळ्या पट्ट्यांच्या चटया, हिरव्या रंगाची दारं. डाव्या हाताला मशीद, मिनार बरोबर दारावर, मधोमध. आणि मशिदीच्या अलीकडे, आपल्या जवळ, पितळी जाळीची पाणपोई.

लुतफीचा हिशेब सरळ होता. कमानीकडून बघितलं की मशीद डाव्या हाताला येते, हमामाकडून बघितलं की उजव्या. फोटोत मशीद डावीकडे, म्हणजे अर्शाक कमानीच्या गच्चीवर उभा होता. मग जवळची इमारत कुठली? बहीजाचं घर.

मी दोन रात्री भिंग घेऊन बसलो, पण खोडायला जागा सापडेना. नकाशे काढणाऱ्याला असं कुणी निरुत्तर केलं की फार झोंबतं. एकच गोष्ट खटकली. पाणपोईखालच्या दुकानाच्या पाटीवर डाग पडला होता. ओला कापूस फिरवावा तसा रंग धुऊन गेलेला. एवढ्या मोठ्या प्रतीवर डाग एकच, आणि तोही नेमका अक्षरांवर.

"प्रत तुमच्याकडे आली तेव्हा डाग होता?" मी लुतफीला अराक्सीच्या दारातच विचारलं.

"होता. पाकीट आमच्या ऑफिसच्या टेबलावर कुणीतरी ठेवून गेलं. वर लिहिलं होतं, 'मादाम अराक्सीकडून.'"

"मी?" अराक्सी म्हणाली. "मी कसलं पाकीट पाठवू? तुम्ही फोनवर स्लाइड मागितलीत, मी म्हटलं या आणि घेऊन जा. नंतर प्रत निघाल्याचं ऐकलं, वाटलं तुमचा माणूस येऊन स्लाइड नेऊन गेला आणि परत ठेवून गेला."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. म्हणजे प्रत काढली तिसऱ्यानेच, आणि स्लाइडही त्याच्याकडेच.

"रविवारी सकाळी दहाला बैठक आहे," लुतफी निघताना म्हणाला. "मूळ स्लाइड आणा, नाहीतर आहे तेच ग्राह्य."

तो दिवस गुरुवार होता.

३

फायदा कुणाचा, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर अत्तराच्या दुकानात बसलं होतं.

हाजी मुतवल्लीने मला पाहताच गादीवरची उशी झटकली. गोरा, गोल माणूस, कान मोठे, कपाळावर नमाजाचा घट्टा सुपारीएवढा. हमामाकडचं ते गोदाम त्याचं. पाणपोई तिथे नाही असं ठरलं की गोदाम पाडून सात मजले चढवायला तो मोकळा.

"या उस्ताद. संशय घ्यायला आलात ना? घ्या. सगळी गल्ली घेते," तो हसत म्हणाला. "मी तुमच्या जागी असतो तर मीही पहिला माझ्यावरच घेतला असता. म्हणून तर मी ह्या भानगडीपासून चार हात लांब राहिलो. कागदाला हात लावला नाही, कुणाला भेटलो नाही."

"अराक्सीकडे गेला होतात?"

"तिच्या घरी माझं काय काम? दहा वर्षांत तिचा उंबरा चढलो नसेन."

"आणि फोटो?"

"समितीच्या ऑफिसात पाहिला, एकदाच. त्यात माझे वडील आहेत, माहितेय?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "दुसऱ्या ओळीत, उजवीकडून तिसरे. मी अकरा वर्षांचा असताना गेले. त्यांचा दुसरा फोटो नाही माझ्याकडे."

हे बोलताना त्याचे डोळे भरले, आणि ते ढोंग नव्हतं. तेवढं मला कळतं.

"तुम्ही तेव्हा दहा वर्षांचे असाल," मी म्हणालो. "पाणपोई कुठे होती ते आठवत असेल की."

"पोरवयातलं काय आठवतं, उस्ताद." त्याने माझ्या मनगटाला अत्तर लावलं. "बहीजाला सांगा, हाजी तिला रस्त्यावर येऊ देणार नाही. माझी इमारत झाली की दोन खोल्या तिच्या. आणि तुम्ही गल्लीवाले त्या उन्हातान्हात चटईवर कशाला गुडघे फोडता? आमच्या नव्या वस्तीतल्या मशिदीत या. गार हवा, जाड गालिचा, त्यावर ओळी विणलेल्याच आहेत. पाय ठेवायचे आणि उभं राहायचं, डोकं चालवायला नको."

घरी येऊन मी भिंग लावलं. दुसऱ्या ओळीत नऊ माणसं. उजवीकडून तिसरा एक काणा, आडदांड, बैलमानेचा गडी. हाजीशी तोंडावळा जुळेना. आईवर गेला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग बहीजाकडे गेलो. ती कापूस पिंजत होती, केसांत, भुवयांवर कापूसच कापूस.

"किल्ली तुझ्याकडे होती म्हणे," मी म्हणालो.

काठी थांबली.

"कोण म्हणे?"

"बहीजा, मला फक्त एवढंच सांग, त्या आठ दिवसांत—"

"तुम्ही पण, उस्ताद?" ती उठून उभी राहिली. "तुमच्या मुलीच्या लग्नाची रजई मी शिवली. टाके मोजून पैसे घेतले नाहीत. आणि आता तुम्ही मला चोर म्हणायला आलात?"

"चोर कोण म्हणतंय?"

"तुमचं तोंड म्हणतंय."

तिने माझ्या नाकासमोर दार लावलं. खरं सांगायचं तर माझं तोंड तेच म्हणत होतं, आणि ह्याची मला आजही लाज वाटते.

४

शुक्रवारी मी फोटोची प्रत काखेत मारून कमानीवर चढलो. बावन्न पायऱ्या. पंधराव्या पायरीला मी समितीला शिव्या दिल्या, तिसाव्याला स्वतःला, आणि चाळिसाव्या पायरीवर टेकलो तेव्हा आठवलं की अर्शाकचा एक पाय आखूड होता. जाड टाचेचा बूट घालून तो खुरडत चालायचा. तो माणूस वजनदार कॅमेरा घेऊन ह्या बावन्न पायऱ्या चढला? हमामाचं छप्पर केवढं ठेंगणं होतं, आणि मागून उतार होता, गाढवंसुद्धा चढायची त्यावर.

पण मशीद फोटोत डावीकडे होती, त्याला काय करणार.

गच्चीवर पोचलो. खाली गल्ली भरत आली होती. मशीद आतून भरली, मग पायरी भरली, मग रस्त्यात चटया पडल्या. माझे गुडघे वाकत नाहीत, देव माफ करो, मी घरी खुर्चीवर नमाज करतो. म्हणून ही गल्ली शुक्रवारी वरून कशी दिसते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. अजान झाली, प्रवचन झालं, माणसं उठून ओळीत उभी राहिली.

मी प्रत समोर धरली. खाली गल्ली, हातात गल्ली. मशीद डावीकडे, बरोबर. मिनार मधोमध, बरोबर. खालची माणसं मशिदीकडे थोडी तिरकी वळलेली, फोटोतलीही तशीच.

मग खालचे सगळे सिजद्याला, कपाळ टेकवायला, वाकले आणि मला तळवे दिसले. दोन-अडीचशे माणसांचे तळवे, काही मोज्यातले, काही भेगाळलेले. पाठी आणि तळवे, दुसरं काही नाही.

मी फोटोकडे पाहिलं. फोटोत मिशा होत्या.

 कैरोत किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा, आग्नेयेला. कमानीवरून दक्षिणेकडे पाहणाऱ्याला नमाजी माणसांच्या पाठीच दिसणार. आज दिसतात, छप्पन सालीही दिसल्या असणार, आणखी हजार वर्षांनीही दिसतील. मक्का काही सरकत नाही. मग फोटोतली माणसं आपल्याकडे तोंड करून कशी उभी? ती मशिदीकडे तिरकी वळलेली आहेत एवढं पाहून आम्ही सगळे गप्प बसलो होतो. नकाशे काढणारा मीसुद्धा.

एक अख्खी गल्ली शुक्रवारच्या नमाजाला चुकीच्या दिशेला उभी राहत नाही. म्हणजे माणसं बरोबर होती आणि फोटोच चुकला होता.

मी प्रत उलटी केली, उन्हासमोर धरली आणि कागदाच्या पाठीकडून पाहिलं. मशीद उजव्या हाताला गेली.

५

"स्लाइड उलटी घालून प्रत काढली की असं होतं," अराक्सी म्हणाली. "डावं उजवं होतं. वडील त्यासाठी पोऱ्यांचे कान पिळायचे."

"म्हणून तर पाटीवर डाग पाडला. अक्षरं उलटी दिसली असती," मी म्हणालो. "अर्शाक हमामाच्या छपरावर होता. जवळची इमारत बहीजाचं घर नाही, हाजीचं गोदाम आहे. पाणपोई तिथे होती."

लुतफीला मीच बोलावून घेतलं होतं. आज त्याने बूट काढले.

"समजा फोटो उलटा आहे," तो सावकाश म्हणाला. "मग ही चूक करणारा कोण? किब्ल्याची दिशा जिला ठाऊक नाही अशी व्यक्ती. वाईट वाटून घेऊ नका मादाम, पण ह्या खोलीत मशिदीऐवजी चर्चमध्ये जाणारं एकच माणूस आहे."

अराक्सीचा चेहरा पांढरा पडला. माझ्याही डोक्यात तो विचार येऊन गेला होता, खोटं कशाला बोलू. म्हणून मी तिच्यासमोर प्रत ठेवली, हातात भिंग दिलं आणि कोपऱ्यातल्या एका दुसऱ्याच बोटभर पाटीवर बोट टेकवलं. त्या पाटीवरची वेटोळी आम्हा दोघांनाही लागत नव्हती. आम्ही तिला नक्षी समजलो होतो.

अराक्सीने पर्समधला आरसा काढला, पाटीसमोर धरला आणि चांगल्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं.

"काराबेद घड्याळजी," तिने वाचलं. "आर्मेनियन अक्षरं आहेत. माझे मामा. त्यांचं दुकान हमामाशेजारी होतं." तिने लुतफीकडे पाहिलं. "मी फोटो उलटा केला असता, इंजिनिअरसाहेब, तर ही पाटी आधी पुसली असती. ज्याने केला त्याला ही पाटी आहे हेच कळलं नाही. आणि किब्ला म्हणाल तर लहानपणी दर शुक्रवारी आईने सांगितलेली भाजी आणायला मी ह्या ओळींच्या मागून जायची. पुढून गेलं की म्हातारे ओरडायचे. मागची बाजू कुठली, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

लुतफी ओशाळला. पण सरकारी माणूस तो. "फोटो खोटा ठरला तर तो बाद होईल. त्याने नोटीस बाद होत नाही. समितीला मूळ स्लाइड लागेल."

तो गेल्यावर मी प्रत गुंडाळायला घेतली आणि थांबलो. दुसरी ओळ माझ्याकडे पाहत होती. मी डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन. तिसरा माणूस हडकुळा, बारीक मानेचा, आणि त्या मानेवर हाजी मुतवल्लीचे कान.

६

शनिवारी सकाळी मी बहीजाच्या बंद दाराशी बोललो.

"चूक झाली माझी. तू दार उघडू नकोस, पण उत्तर दे. अराक्सी हॉस्पिटलात असताना तिच्या घरी कोण आलं होतं?"

आतून बराच वेळ काठीचा आवाज येत राहिला.

"कोण येणार," ती म्हणाली. "हाजी आला होता, संत्री घेऊन. आजारी माणसाला भेटायला. ती नाही म्हटल्यावर दमलोय म्हणाला, बसला. मी चहा टाकायला आत गेले."

"डबा कुठे होता?"

"टेबलावर, दुसरा कुठे? त्या इंजिनिअरसाठी काढून ठेवलेला." काठी थांबली. दार उघडलं. "उस्ताद, मी त्याला दोन चमचे साखर घातली होती हो चहात."

मी एकटाच अत्तराच्या दुकानात गेलो. बहीजा येते म्हणत होती, पण मला तिथे आरडाओरडा नको होता. हाजीने उशी झटकली. मी बसलो आणि प्रत त्याच्या पुढ्यात पसरली.

"वडील कुठले, दाखवा ना."

त्याचं बोट सहज उजवीकडे गेलं, तिसऱ्यावर टेकलं, आणि तिथे त्या काण्या आडदांड माणसाला पाहून जागच्या जागी थिजलं.

"ही प्रत पाहिलेला माणूस डावीकडून तिसरे म्हणेल," मी म्हणालो. "उजवीकडून तिसरे ते मूळ स्लाइडमध्ये. ती तुम्ही इतक्या वेळा उजेडासमोर धरलीत हाजी, की वडिलांची जागा तुम्हाला पाठ झाली. संत्र्यांचंही कळलंय मला."

त्याने बोट मागे घेतलं. मग हळूच म्हणाला, "सिद्ध करा. स्लाइड कुठे आहे तुमच्याकडे? उद्या दहाला बैठक आहे, उस्ताद. तुमचं नि माझं बोलणं बैठकीत चालत नाही."

ते खरं होतं. माझ्याजवळ स्लाइड नव्हती, आणि ती त्याने अजून ठेवली आहे की जाळली, हेही मला ठाऊक नव्हतं. माझ्याजवळ एकच गोष्ट होती.

"चालत नाही," मी म्हणालो. "रविवारी हाच फोटो खरा ठरेल. ठरू दे. मग तो छापतील, चौकटीत घालून मशिदीत लावतील, खाली तारीख, खाली लिहितील की कमानीवरून घेतला. आता जरा बघा त्यात. कमानीवरून घेतला असेल तर ही माणसं कुठे तोंड करून उभी आहेत?"

त्याने पाहिलं. आधी नुसतं पाहिलं, मग ओठ हलवत दिशा लावल्या. कमान इकडे, हमाम तिकडे, मशीद इथे. त्याचा हात आपोआप वर आला आणि हवेत आग्नेय शोधू लागला. गार हवेच्या मशिदीत ओळी गालिच्यावर विणलेल्या असतात, त्याला हे कधी शोधावं लागलं नव्हतं.

"उत्तरेकडे," तो पुटपुटला.

"बारीक मानेचा तो माणूस, हाजी. सच्चा नमाजी असेल. त्याचा जगात हा एकच फोटो आहे. त्याला तुम्ही किब्ल्यापासून फिरवलंत. उद्या समिती त्याच्यावर शिक्का मारेल आणि तो कायमचा तसाच उभा राहील."

मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा मला हाकलून देईल. तो प्रतीवर वाकला. त्याने डावीकडून तिसऱ्या माणसावर तळहात ठेवला, झाकल्यासारखा, आणि रडायला लागला, मोठ्या माणसाला न शोभणारं, नाक वाहणारं रडणं.

"मी रोज त्या जाळीला तोंड लावून पाणी प्यायचो," तो म्हणाला. "ते मला उचलून धरायचे. माझा हात पोचायचा नाही."

"मग ती पाणपोई मोडायला मन कसं धजलं तुमचं?"

"मुलं मागे लागली. सात मजले, सात मजले." त्याने बाहीने तोंड पुसलं. "स्लाइड जाळणार होतो. काडी पेटवली होती, उस्ताद. नाही जमलं."

त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून अत्तराची एक रिकामी डबी काढली. आत कापूस होता आणि कापसात पुठ्ठ्याच्या चौकटीतली स्लाइड, हिरव्या शाईत चौदा. ती त्याने मला लगेच दिली नाही. दारापाशी जाऊन उजेडासमोर धरली, हिरवा आकडा आपल्याकडे आहे ना ते दोनदा तपासलं, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

७

रविवारी दहाला लुतफीने स्लाइड पडद्यावर टाकली. पाटीवरची अक्षरं सरळ वाचता आली, काराबेद घड्याळजीसुद्धा अराक्सीने उभं राहून वाचला, जरा जास्तच मोठ्याने. बहीजाची नोटीस रद्द झाली आणि गोदामावर नवी लागली. चोरीची तक्रार अराक्सीने केली नाही. स्लाइड मिळाली, मला पुरे, म्हणाली. बहीजाला मात्र पुरे नव्हतं. तिने हाजीला दोन चमचे साखरेसकट जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या शुक्रवारी तिने मला आपल्या खिडकीत खुर्ची टाकून दिली. चटया पडल्या, ओळी लागल्या. खुतब्याचं प्रवचन चालू असताना हमामाच्या बाजूने एक मोटार आली, आणि हाजी मुतवल्ली उतरला, काखेत स्वतःची चटई. पायरीवरच्या लोकांनी त्याला आत जागा करून देऊ केली, तरी आत गेला नाही. बुजवलेल्या पाणपोईसमोर, दुसऱ्या ओळीत, त्याने दोघांना जरा सरकायला सांगितलं आणि चटई अंथरली. उभं राहण्याआधी त्याने शेजारच्या पोरगेल्या माणसाला काहीतरी विचारलं. त्या माणसाने हाताने दिशा दाखवली.

बहीजा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तोंडात सुई धरून ती मोजत होती, हमामाच्या अंगाने, उजवीकडून. एक, दोन, तीन.

"नीट बघा हो, उस्ताद," ती म्हणाली. "ह्या खेपेला तरी तोंड बरोबर आहे ना ह्याचं?"

मी खिडकीतून वाकून पाहिलं. बरोबर होतं.